विमानाच्या आतला राखाडी

शालन, रंग पास झाला.

बाकीचं मागनं सांगतो. हे आधी, कारण शुद्धीत होतीस तोवर तुझं तेच चाललं होतं. वाशीच्या दवाखान्यात मंगल तुझ्या उशाशी बसली होती, मी पायाशी. पोरीनं विचारलं, "आई, आप्पांशी काही बोलायचंय का?" तू डोळे उघडलेस नि मला म्हणालीस, "पत्रा वाळला का?" मंगलला वाटलं तू भ्रमात बोलतेस. तिनं तोंड फिरवून रडून घेतलं. मी म्हणालो, "वाळतोय." त्यानंतर तू बोलली नाहीस. म्हणजे पन्नास वर्षांच्या संसारातलं शेवटचं बोलणं काय, तर पत्रा वाळला का, आणि वाळतोय. मला ते चालतं. दुसऱ्या कुणाला चालो न चालो.

तुला जाऊन दीड महिना झाला. मंगल म्हणते, लिहून काढा, मी टाइप करते, आपल्या माणसांना वाचायला देऊ. मी चौथी पास. आयुष्यभर लिहिलं ते डब्याच्या झाकणावर रंगाचा नंबर, तेवढंच. पण तुझ्याशी भांडायला मला कधी शिक्षण लागलं नाही. वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुला ठाऊक असलेलंही थोडं परत सांगावं लागेल. तेवढं सोस.

मी पत्र्याचा रंगारी. रबाळ्याच्या एमआयडीसीत एकाच शेडमध्ये चाळीस वर्षं स्प्रेगन धरली. कंट्रोल पॅनल, मशीनची कव्हरं, लोखंडी कपाटं. वयानं गन सुटली, पण जुन्या रंगाला जुळणारा रंग काढायचा असला की मालक अजून फोन करतात. आणि तू तळवलीत आपल्या पुढच्या खोलीत मशीनवर. फॉल-पिको, मॅचिंग ब्लाउज. घणसोलीच्या सोसायट्यांतल्या बाया रिक्षा करून तुझ्याकडे यायच्या, कारण तुझ्या हातून दोऱ्याचा रंग चुकत नव्हता. दुकानदार अख्खं रीळ साडीला लावून बघतो. तू रिळाचा एकच दोरा सोडायचीस, साडीवर आडवा टाकायचीस आणि साडी घेऊन दारात उजेडाला जायचीस. "रिळावर दोरा गर्दीत असतोय, म्हणून गडद दिसतोय. एकटा पडला की फिका होतोय." हे तू मला हजारदा सांगितलंस आणि मी हजारदा ऐकून सोडून दिलं.

तिथंच मी माती खाल्ली.

गेल्या दिवाळीनंतर शेडमध्ये विमानाचं काम आलं. घाटावर पोरापोरींना विमान चालवायला शिकवणारी एक शाळा आहे. त्यांची पाच छोटी विमानं, दोन माणसं बसतील एवढीच. पायलट बसतो तिथले आतले पत्रे सुटे करून त्यांनी पाठवायचे, आपण जुना रंग खरवडून नवा मारायचा. रंग त्यांच्या मंजुरीच्या कंपनीचाच, पेट न घेणारा. पण छटा कुठली ते आपण सुचवायचं. त्यांचे इंजिनिअर दाणी साहेब म्हणाले, "राखाडी द्या." मी म्हणालो, "साहेब, राखाडी काय एक असतो का?" कार्डावर पंचवीस-तीस राखाडी होते.

मी कार्ड घरी आणलं. खरं सांगतो, मिरवायला आणलं. मी त्यातला सगळ्यात फिका निवडला होता. स्वच्छ, दवाखान्याच्या भिंतीसारखा. तू चष्मा पदराला पुसलास आणि बघितलंस.

"ह्यो न्हाई चालायचा."

"का?"

"कार्डावर बोटाएवढा हाय. अख्ख्या पत्र्यावर अजून फिका पडंल. वरनं ऊन. पोरांनी बघायचं कुठं?"

तेव्हा मी जे बोललो ते इथं लिहितो, कारण ते मी तुझ्यासमोर कधी परत घेतलं नाही. मी म्हणालो, "तू ब्लाउज शिव. विमान माझ्याकडं राहू दे." तू उठलीस आणि कुकर लावलास. नेहमीपेक्षा जरा जोरात लावलास, बास.

पहिल्या विमानाचे पत्रे रंगून गेले आणि दोन आठवड्यांत परत आले. दाणी साहेब मालकांच्या केबिनमध्ये उभ्या उभ्याच बोलले. "आप्पा, समोरच्या काचेत धावपट्टी दिसायच्या ऐवजी तुमचा रंग दिसतोय. शिकणारी पोरं डोळे बारीक करून बसतात. स्विचखालची पांढरी अक्षरं तर गायबच झालीत." एक संधी देतो म्हणाले. ती चुकली तर बाकीची चार विमानं दुसरीकडे. मालक मला एक शब्द बोलले नाहीत. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आलो. तू मशीनवरून मान न उचलता विचारलंस, "परत आलं का पत्रं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"चप्पल भिरकावली तुमी. जावा, त्यातला एक घरी आणा."

तू म्हणू शकली असतीस, सांगितलं होतं ना. म्हणाली नाहीस. पुढं तीन महिने वाट बघितली मी, कधीतरी म्हणेल म्हणून. नाहीच.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तू गच्चीवर विमान मांडलंस. प्लास्टिकची खुर्ची, तिच्यापुढं स्टूल, स्टुलावर परत आलेला पत्रा. शोकेसची सरकती काच काढलीस आणि मला सांगितलंस, ही पुढं तिरकी धरा. तू खुर्चीत बसलीस, मी काच धरून उन्हात उभा. समोरच्या गच्चीवर पाटलीणबाई पापड वाळत घालत होती. गावातली जुनी बाई, तिला राहवतंय कुठं.

"काय चाललंय गो शालन?"

"इमान चालवतोय आमी. ये, मागं जागा हाय."

"नि भाऊ कनाला बाहेर उभं?"

"त्यांचं तिकीट न्हाई काढलं."

पाटलीण हसता हसता पापडावर बसली. मलाही हसू येत होतं, पण काच हलली की तू ओरडायचीस. तू हात डोळ्यांवर धरून, मान खालीवर करून, अर्धा तास त्या काचेत बघत होतीस. मग म्हणालीस, "बघा, काचंत आपला पत्राच उभा हाय. काचेच्या खालची फळी काळी करा. तव्याच्या बुडासारखी. चमक नगं."

"आणि बाकीचं?"

"त्यो शोधाया लागंल."

मग तीन महिने आपण शोधला. मी शेडमध्ये रंग काढायचो, पत्र्यावर मारायचो आणि पिशवीत घालून घरी आणायचो. तुकडा बोटाएवढा नाही, वर्तमानपत्राच्या पानाएवढा. ही तुझी अट. तू प्रत्येक पत्र्यावर चार रिळं उभी करायचीस. लाल, पिवळं, हिरवं, पांढरं. विमानात असलेच दिवे असतात हे मी सांगितलं होतं, त्यातला लाल म्हणजे धोका. तू लांब जाऊन बघायचीस, मग जवळ येऊन. एकदा म्हणालीस, विमान अंधारात पण चालतंय की. आणि डोक्यावरून गोधडी ओढून पत्रा आत घेतलास, मोबाईलची बॅटरी लावलीस. दुपारचे दोन वाजलेले, वर पंखा बंद. गोधडीतून तुझा आवाज यायचा. "ह्यात लाल बुडाला... ह्यात दिसतोय, पर बाकीचा पत्राबी वरडतोय." घामाने भिजून बाहेर आलीस आणि मला ऐकवलंस, "लाल लागला की पोराच्या काळजात चर्र झालं पायजे. बाकीच्या रंगानं गप बसायचं."

एवढं साधं मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी रंग उठून कसा दिसेल ते बघायचो. तू रंगाला गप बसायला शिकवलंस.

हिरव्यावरून आपलं खरं भांडण झालं. मागच्या बोळातल्या पेरूचं एक पान तोडून आणलंस आणि उलटं करून माझ्या हातात दिलंस. मागची बाजू, फिक्कट, धुरकट. "दिवसभर काळं कापड शिवलं की मी ह्या झाडाकडं बघती. डोळं टेकत्यात."

"दाणी साहेबांनी राखाडी सांगितलाय. हिरवा नाही."

"मग त्यांला राखाडीच सांगा. हिरवा आत असू द्या, वर येऊ नगं."

मी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो आणि त्याच कंपनीच्या मधल्या राखाडीत हिरवा थेंबाथेंबाने टाकून बघितला. तिसरा पत्रा मालकांनी बघितला आणि कधी नव्हे ते उठून जवळ आले. "आप्पा, हे कसं सुचलं?"

मी म्हणालो, "अनुभव."

शालन, हा एक शब्द मला लागलाय. त्या संध्याकाळी मी तुला सांगितलं, मालकांना आवडला. तू सुईत दोरा ओवत होतीस. "माझं सांगितलं?" मी म्हणालो, "सांगतो की." तू हसलीस आणि ओवत राहिलीस. पुढच्या आठवड्यात मी मालकांना बाजूला घेऊन सांगितलंही. ते वाईट माणूस नाहीत. पण म्हणाले, "आप्पा, हे दाणी साहेबांपुढे काढू नका. घरी बसून बाईंनी विमानाचा रंग ठरवला म्हटलं तर पार्टी घाबरेल. चार विमानं जातील हातची. पोरांचं काम आहे त्यात." शेडमधली नऊ माणसं माझ्या डोळ्यांपुढं आली. मी गप्प बसलो. हे तुला सांगितलं नाही. तुला वाटत राहिलं असेल की म्हाताऱ्याला लाज वाटते. तेही थोडं होतंच.

आणि एक राग माझाही आहे. तू पोटातलं दुखणं लपवलंस. लग्नसराईच्या साड्या द्यायच्यात म्हणून लपवलंस की मी पत्र्यांत गुंतलोय म्हणून, ते मला कळलं नाही. तू जेवण अर्धं सोडायचीस आणि मी ताटाकडे न बघता पाचव्या पत्र्याबद्दल बोलायचो. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. ह्याचं भांडण तुझ्याशी करायचं राहिलं. आता मीच दोन्हीकडून बोलतो, आणि दोन्हीकडून हरतो.

पाचवा पत्रा मी टॉवेलात गुंडाळून दवाखान्यात आणला. सिस्टर म्हणाली, "काका, हे काय?" मी म्हणालो, "औषध." तू म्हणालीस, "हितल्या लायटीत नगं, खिडकीपाशी धरा." सलाईनचा हात तसाच, मान वळवून बघितलंस.

"दोन थेंब हिरवा जास्ती झालाय."

मला राग आला. तुझ्यावर नाही, सगळ्यावरच. म्हणालो, "आता बास की. एवढं कुणाला दिसत नाही."

"मला दिसतंय न्हवं? तुमी बास म्हणा. डोळं म्हणत न्हाईत."

मी गेलो आणि सहावा काढला. रंगातून थेंब काढता येत नाही, सगळा परत पहिल्यापासून करावा लागतो. तू गेलीस तेव्हा तो शेडमध्ये दांडीला टांगलेला होता.

तेराव्यानंतर शेडमध्ये गेलो. पाचवा आणि सहावा दोन्ही घेऊन दारात उजेडाला गेलो, तू जायचीस तसा. शेजारी ठेवले. सहाव्याकडे बघितलं तर राखाडी. नुसता राखाडी. पाचव्यात हिरवा वर आला होता, सहाव्यात आत बसला होता. दोनच थेंब. मी पत्र्याला म्हणालो, बरोबर होतं तिचं. कॉम्प्रेसर चालू होता म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

पहिल्या विमानाचे पत्रे त्या रंगात गेले, काचेखालची फळी तेवढी तू सांगितलीस तशी काळी. परवा दाणी साहेब आले, आणि त्यांच्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या कॅप्टन बाई. मंगलच्या वयाच्या, आखूड केस. मालकांनी खुर्ची पुसली तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी स्वतः दुपारच्या उन्हात दोन तास चालवलं. काचेत काही येत नाही. अक्षरं वाचता येतात. उतरल्यावर डोळे थकलेले नव्हते." मालकांनी हात जोडले. शेडमधले सगळे कामं सोडून दारात उभे.

मग बाई पत्र्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "हा नुसता राखाडी नाही. आत हिरवट काहीतरी आहे. का घेतलात?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनीच सांगितलं, जपून. चार विमानं अजून कागदावर यायची होती. माझ्या तोंडात तोच शब्द तयार होता, अनुभव. तो म्हटला असता तर सगळं गोड झालं असतं आणि तू कायमची बाहेर राहिली असतीस.

मी म्हणालो, "बाई, हा रंग माझा नाही. माझ्या मंडळींनी काढलाय."

दाणी साहेब म्हणाले, "त्या कुठल्या कंपनीत होत्या?"

"कंपनी नाही साहेब. तळवलीत फॉल-पिको करायची."

मालकांनी डोळे मिटले. दाणी साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे हे घरी ठरलं? कुणी तपासलं तरी का?"

"माझा रंग तपासलेला होता," मी म्हणालो. "शेडमध्ये, कार्डावर. तो तुम्ही परत पाठवलात."

मग बाईंनीच विचारलं, "त्यांनी कसं तपासलं?"

मी सांगितलं. गच्ची सांगितली, तिरकी काच, चार रिळं. लाल लागला की काळजात चर्र झालं पाहिजे आणि बाकीच्या रंगानं गप बसायचं, हे तुझ्याच शब्दांत सांगितलं. पेरूचं पान सांगितलं. दोन थेंब सांगितले. गोधडीपाशी आलो तेव्हा दाणी साहेब म्हणाले, "गोधडी?"

"मग अंधार कुठून आणायचा साहेब, दुपारचा?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पत्रा उचलला, दारात नेला, उन्हात धरला, तिरका केला, सरळ केला. अगदी तुझ्यासारखा. मग म्हणाल्या, "दाणी, पहिला रंग आपण टेबलावर बसून पास केला होता. ह्या बाईंनी खुर्चीत बसून बघितलं. बाकीची चारही ह्याच रंगात घ्या." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला त्यांना भेटायचंय."

मी म्हणालो, "दीड महिना उशीर झाला बाई."

त्यांनी माझा हात धरला. मी रडलो नाही. उलट, शालन, माझी छाती अशी फुगली होती की शर्टाची बटणं तुटतील असं वाटलं. आपल्या लग्नातही मी एवढा ताठ उभा नव्हतो.

ते गेल्यावर मालकांनी शेडचं जाड बुक काढलं. जो नवा रंग शेडमध्ये निघतो त्याचा छोटा तुकडा त्यात चिकटवायचा, शेजारी थेंबांचं माप, आणि खाली रंग ज्यानं काढला त्याचं नाव. त्याच नावानं मग तो रंग शेडमध्ये ओळखतात. मालकांनी माप लिहिलं आणि पेन माझ्यापुढं केलं. म्हणाले, "चुकलं माझं आप्पा. तुम्हीच लिहा. नाव काय वहिनींचं?"

"मंगलची आई," मी म्हणालो.

"नाव, आप्पा."

चार माणसांत मी तुझं नाव कधी घेतलं नाही. लग्नात तुझ्या आत्यानं दार अडवलं, नाव घ्या म्हणाली, मी खाली मान घालून उभा राहिलो, शेवटी पाय दुखायला लागले म्हणून तिनंच सोडलं. त्यानंतर पन्नास वर्षं अगं, ऐकलं का, मंगलची आई. तू चिडवायचीस, माझं नाव रेशनकार्डावर तेवढं हाय. कागदावर बघ, आता कशी सरळ हाक मारतोय. पण त्या दिवशी शेडमध्ये नऊ माणसं तोंडाकडे बघत होती.

"शालन," मी म्हणालो.

"काय?"

"शालन," मोठ्यानं म्हणालो. आणि लिहिलं. माझं अक्षर कसं आहे तुला माहीत आहे. ल जरा मोठा झाला, त्यानं वरच्या ओळीतल्या एका साहेबाच्या नावाला धडक दिली. राहू दे.

आज सकाळी दुसऱ्या विमानाचे पत्रे आले. गनवर बसणारा आपला सावंत आतून ओरडला, "आप्पा, शालन किती घेऊ?" साऱ्या शेडमध्ये ऐकू गेलं. रस्त्यावरच्या चहावाल्यानंही मान वळवली. माझ्या बायकोचं नाव असं कुणी मोठ्यानं घेतलं असतं तर पूर्वी मी धावून गेलो असतो.

मी तिथूनच त्याच्यापेक्षा मोठ्यानं सांगितलं, "शालन चार लिटर घे. आणि पाणचट करू नकोस तिला."